बेवडाचें गणित



आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांतील मुलगी संख्याशास्त्र या विषयांत डॉक्टरेटसाठीं संशोधन करीत आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत ती वऱ्हाडांतील आपल्या गांवीं गेली असतां तिच्या काकांनीं तिला विचारलें, "पोरी, तुझा प्रबंध पुरा व्हायला किती वर्षें लागतील?"

"चार वर्षें, काका."

"आणि विषय कोणता घेतला आहेस?"

"पिकांची फेरपालट. चार वर्षांच्या फेरपालटीनें जमिनीचा कस टिकतो कीं नाहीं, आणि टिकत असला तर किती, हें आंकड्यांनीं ठरवायचें."

काकांनीं क्षणभर विचार केला व म्हटलें, "म्हणजे तुझी फेरपालट एकदांच फिरणार. पहिला फेरा पुरा होतो न होतो तोंच तूं पदवी घेऊन मोकळी! एका फेऱ्यावरून तुला काय कळणार?"

काका शाळेंत फार शिकलेले नाहींत. पण शेती मात्र त्यांनीं चाळीस वर्षें केली आहे. त्यांनीं सहज विचारलेला हा प्रश्न संख्याशास्त्रांतील मोठमोठ्या पंडितांना जवळजवळ शंभर वर्षें छळीत आला आहे. त्याच प्रश्नाविषयीं आज मी आपल्याशीं बोलणार आहें.

शहरांत राहणाऱ्या श्रोत्यांसाठीं प्रथम एका शब्दाची ओळख करून देतों. एक पीक निघाल्यावर त्याच्यामुळें जमिनीला जी बरीवाईट अवस्था येते, तिला आपला शेतकरी 'बेवड' म्हणतो. हरभऱ्याचा बेवड चांगला, तुरीचा बेवड चांगला. ज्वारीवर पुन्हां ज्वारी घेतली तर ती तितकीशी साधत नाहीं, हें ज्ञान त्याला वाडवडिलांकडून मिळालेलें आहे. पीक शेतांतून उचललें तरी त्याचा परिणाम तेथेंच मागें राहतो, हा विचार या एका शब्दांत सांठवलेला आहे. विद्वानांना तो सांगण्यास अर्धें वाक्य खर्चावें लागतें.

बेवड कां चांगला होतो, हेंही आतां गूढ राहिलेलें नाहीं. हेलरीगेल व विल्फार्थ या दोघां जर्मन शास्त्रज्ञांनीं १८८६ सालीं दाखवून दिलें कीं, द्विदल झाडांच्या मुळांवर ज्या बारीक गांठी असतात त्यांतील सूक्ष्म जंतु हवेंतील नायट्रोजन पकडून झाडाला पुरवितात. त्याचा कांहीं अंश पाला, मुळें व गांठी कुजल्यावर जमिनींत उरतो. दुसरें कारण असें कीं, निरनिराळ्या पिकांचीं मुळें निरनिराळ्या खोलीवरून अन्नपाणी घेतात. आणि तिसरें, एकाच पिकावर जगणारे रोग व किडी तें पीक वर्षभर न मिळाल्यास उपासमारीनें कमी होतात. तेव्हां फेरपालट हितकारक आहे किंवा नाहीं, असा वाद कोणी घालीत नाहीं. खरा प्रश्न आहे तो 'किती' हा.

आणि हा 'किती' लहान शेतकऱ्याच्या दृष्टीनें फार मोठा आहे. ज्याच्याजवळ पांच एकर कोरडवाहू जमीन आहे, त्यानें त्यांतील एक एकर कमी पैसा देणाऱ्या डाळीच्या पिकास द्यावयाचा म्हणजे यंदाच्या मिळकतीचा कांहीं भाग पुढच्या वर्षाच्या भरंवशावर सोडावयाचा. पुढील वर्षीं तें नुकसान भरून निघून वर कांहीं उरणार असेल, तर हा शहाणपणा. न उरल्यास घरांत त्या वर्षीं वह्यापुस्तकांना पैसे नाहींत. अशा माणसाला 'बेवड चांगला असतो' एवढेंच सांगून भागत नाहीं.

मग मोजून पाहावें, यांत काय अवघड आहे, असें आपल्या मनांत येईल. एक काल्पनिक उदाहरण घेऊं. समजा, एका शेतांत तुरीच्या बेवडावर ज्वारी एकरीं आठ क्विंटल आली आणि शेजारच्या शेतांत ज्वारीवर घेतलेली ज्वारी सहा क्विंटल आली. तर मग हे दोन क्विंटल बेवडाचे म्हणावयाचे काय? शेजारचें शेत कदाचित् उथळ जमिनीचें असेल, त्यांत शेणखत पडलें नसेल, तेथें पाणी सांचत असेल. बरें, दोन शेतें न घेतां एकाच शेतांतील मागच्या व यंदाच्या ज्वारीची तुलना करावी, तर मागील वर्षींचा पाऊस निराळा आणि यंदाचा निराळा. दोन क्विंटलांत जमिनीचा वांटा किती, पावसाचा किती आणि बेवडाचा किती, हें वजनकांटा सांगत नाहीं. हा वांटा पाडून देणें, हेंच येथें संख्याशास्त्राचें काम.

या कामाची सुरुवात समजून घेण्यासाठीं आपणांस इंग्लंडांत जावें लागेल. लंडनच्या उत्तरेस रॉथॅम्स्टेड येथें जॉन लॉज नांवाच्या जमीनदारानें जोसेफ गिल्बर्ट या रसायनशास्त्रज्ञाच्या साह्यानें १८४३ सालीं शेतीच्या प्रयोगांस आरंभ केला. तेथील 'ब्रॉडबॉक' नांवाच्या शेतांत तेव्हांपासून गव्हाचा प्रयोग अखंड चालू आहे. फेरपालटीसाठीं १८४८ सालीं त्यांनीं 'ॲगडेल' नांवाचें दुसरें शेत निवडलें. त्यांत सलगम, जव, क्लोव्हर किंवा घेवड्याच्या जातीचें द्विदल, आणि गहू, अशी चार वर्षांची साखळी होती. एका भागांत द्विदलाऐवजीं जमीन पड ठेवीत. हा प्रयोग १९५१ पर्यंत, म्हणजे शंभरांहून अधिक वर्षें चालला.

परंतु या थोर प्रयोगांत एक उणीव होती. सबंध शेतांत एका वर्षीं साखळींतील एकच पीक असे. गव्हाची पाळी चार वर्षांनीं एकदां. त्यामुळें शंभर वर्षांत गहू आला तो सुमारें पंचवीस वेळां, आणि मधल्या पाऊणशें वर्षांच्या हवापाण्याविषयीं गव्हाची साक्षच निघाली नाहीं. एखाद्या पाळीस गहू कमी आला, तर तो त्या वर्षाच्या थंडीपावसामुळें कीं जमिनीचा कस उतरूं लागल्यामुळें, हें ओळखण्यास पुढची पाळी येईपर्यंत आणखी चार वर्षें थांबावें लागे; आणि त्या वेळीं हवा पुन्हां निराळीच! वर्ष आणि पीक यांची अशी कांहीं गांठ बसली होती कीं, ती नुसत्या बेरीज-वजाबाकीनें सुटणारी नव्हती.

१९१९ सालीं रॉथॅम्स्टेडचे संचालक जॉन रसेल यांनीं सांठलेल्या आंकड्यांतून कांहीं अधिक निघतें काय, हें पाहण्यासाठीं रोनाल्ड फिशर या तरुण गणितज्ञास बोलावून घेतलें. फिशरनें आधीं ब्रॉडबॉकच्या गव्हाचे आंकडे हातीं घेतले आणि १९२१ सालीं त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. उत्पन्नांतील चढउताराचे त्यानें तीन वांटे पाडले : दरसाल बदलणाऱ्या हवेचा एक, जमिनीचा कस हळूहळू उतरल्याचा दुसरा, आणि या दोहोंतही न बसणाऱ्या मंद बदलाचा तिसरा. या तिसऱ्या वांट्याचें कारण त्याच्या मतें तण हें होतें. इंग्लंडांत शिक्षण सक्तीचें झाल्यावर खुरपणीस येणारीं लहान मुलें शाळेंत जाऊं लागलीं, आणि त्यामुळें शेतांत तण माजलें असावें, असा त्याचा तर्क होता. शाळेच्या हजेरीपटाची छाया गव्हाच्या आंकड्यांवर पडलेली दिसावी, हें किती मौजेचें आहे! पण त्यांत एक इशाराही आहे. दीर्घ मुदतीच्या प्रयोगांत जमिनीबरोबर समाजही बदलत असतो. तो बदल कोणी टिपून ठेवला नसेल, तर तोच बेवडाच्या नांवावर जमा होण्याचा धोका असतो.

जुन्या आंकड्यांची गांठ सोडविण्यापेक्षां नवा प्रयोगच असा मांडावा कीं गांठ पडणारच नाहीं, हा फिशरचा पुढचा विचार. १९२५ व १९३५ सालच्या त्याच्या दोन ग्रंथांनीं हा विचार जगभर पोंचविला. त्याचीं मुख्य सूत्रें दोन. एक, प्रत्येक उपचार अनेक तुकड्यांवर करावा, म्हणजे तुकड्यातुकड्यांत मुळांतच किती फरक आहे तें कळतें. दुसरें, कोणत्या तुकड्यावर कोणता उपचार करावयाचा, हें चिठ्ठ्या टाकून ठरवावें. माणसानें निवड केली तर तो नकळत आपल्या आवडत्या पिकास चांगली जमीन देतो. चिठ्ठीला आवडनिवड नसते.

फेरपालटीच्या बाबतींत यांत तिसऱ्या सूत्राची भर पडली : साखळींतील प्रत्येक पीक दरवर्षीं शेतांत कोठें ना कोठें उभें असलें पाहिजे. १९३० सालीं रॉथॅम्स्टेडला या नव्या धर्तीचे फेरपालटीचे प्रयोग सुरू झाले. पुढें फ्रँक येट्स आणि विल्यम कॉक्रन यांनीं या शास्त्राची घडी बसविली. यांतील कॉक्रनची हकीकत आमच्या विद्यार्थिनीस फार आवडते. तो केंब्रिजला डॉक्टरेटचा अभ्यास करीत होता. १९३४ सालीं येट्सनें रॉथॅम्स्टेडची जागा देऊं करतांच प्रबंध अर्धवट टाकून तो शेतांत दाखल झाला, आणि १९३९ सालीं दीर्घ मुदतीच्या शेतीप्रयोगांवर त्यानें जो निबंध लिहिला तो त्या विषयांतील पायाभूत लेखन म्हणून अद्याप वाचला जातो. पदवी मात्र राहिली ती राहिलीच.

आतां या तिसऱ्या सूत्राची किंमत पाहूं. साखळी चार वर्षांची असेल, तर चार तुकडे हवेत. पहिल्यांत सुरुवात ज्वारीनें, दुसऱ्यांत तुरीनें, अशा क्रमानें. म्हणजे दरवर्षीं चारी पिकें शेतांत असतात आणि प्रत्येक पिकाला प्रत्येक वर्षाचा पाऊस सोसावा लागतो. प्रत्येक मांडणी तीनदां करावयाची, म्हणजे बारा तुकडे. दुसऱ्या एखाद्या चार वर्षांच्या साखळीशीं तुलना करावयाची असेल, तर आणखी बारा. असे चोवीस तुकडे झाले. प्रत्येक तुकडा एक गुंठ्याचा धरला तर जमीन एकराहून कमीच लागते. पण हे चोवीस तुकडे दरवर्षीं स्वतंत्र पेरावयाचे, स्वतंत्र कापावयाचे, स्वतंत्र जोखावयाचे, आणि तें सुद्धां एक-दोन वर्षें नव्हे. प्रयोग मांडणारा बहुधा त्याचा शेवट पाहत नाहीं.

येथें आणखी एक अडचण उभी राहते. एकाच तुकड्याचे वीस वर्षांचे वीस आंकडे मिळाले, म्हणजे वीस साक्षीदार मिळाले असें होत नाहीं. मूळचीच चांगली असलेली जमीन वीसही वर्षें चांगली साक्ष देणार. एकाच माणसाला वीस वेळां तोच प्रश्न विचारून वीस मतें जमविल्याचा भास व्हावा, तसाच हा प्रकार. हा भास ओळखला नाहीं, तर संशोधक आपल्या निष्कर्षाविषयीं वाजवीपेक्षां फार अधिक खात्री बाळगूं लागतो. रॉथॅम्स्टेडमधील डेस्मंड पॅटर्सन यांनीं १९६४ सालीं फेरपालटीच्या चक्राकार प्रयोगांची उपपत्ति मांडली, आणि १९७१ सालीं त्यांनीं व रॉबिन टॉम्प्सन यांनीं प्रयोगांतील फरकाचे वांटे पाडण्याची एक नवी रीति प्रसिद्ध केली. तुकड्याचा स्वभाव किती, वर्षाचा किती, आणि दोहोंच्या पलीकडे उरलेला अनिश्चित भाग किती, हें निरनिराळें करून उपचाराच्या परिणामाबरोबर त्याच्या खात्रीचें मापही सांगणें या रीतीनें साधतें. हें गणित हातानें करणें जवळजवळ अशक्य. आज तें संगणक करतो. आमच्या विद्यार्थिनीच्या प्रबंधाचा बराचसा भाग याच रीतीवर उभा आहे.

आणि तरीही कांहीं प्रश्न असे उरतात कीं ज्यांचें उत्तर केवळ गणितांत नाहीं. एका साखळींत ज्वारी, तूर आणि कापूस आहे. दुसरींत गहू आणि हरभरा. कापसाचें वजन आणि तुरीचें वजन यांची बेरीज कशी करावयाची? रुपयांत करावी तर भाव दरसाल बदलतात. पोषणांत करावी तर कापूस खातां येत नाहीं. शिवाय, सरासरी चांगली असली म्हणजे सगळें चांगलें असें नाहीं. एक साखळी चार वर्षांत तीनदां भरघोस आणि एकदां शून्य देते. दुसरी चारी वर्षें मध्यम देते. सरासरीच्या हिशेबांत पहिली जिंकेल. पण त्या शून्याच्या वर्षीं सावकाराच्या दारांत उभें राहणाऱ्याला ती सरासरी काय कामाची? म्हणून आजचे संशोधक सरासरीबरोबर वाईट वर्षांतील उत्पन्नही वेगळें तपासतात.

इतकी चिकाटी धरून मिळालें काय, असें कोणी विचारील. अमेरिकेंत इलिनॉय विद्यापीठांतील 'मॉरो' तुकड्यांवर १८७६ पासून मक्याच्या फेरपालटीचा प्रयोग चालू आहे. दरवर्षीं मकाच घेतलेल्या जमिनींतील सेंद्रिय द्रव्य फेरपालटीच्या जमिनीपेक्षां कमी झालेलें तेथें दिसून आलें आहे. त्या पिकांवर सावली पडूं नये म्हणून विद्यापीठानें १९६९ सालीं शेजारचें ग्रंथालय जमिनीखालीं बांधलें! अलाबामांतील ऑबर्न येथें १८९६ पासून तेरा तुकड्यांवर कापूस आणि हिंवाळी द्विदलें यांच्या फेरपालटीचा प्रयोग चालू आहे. विदर्भ-खानदेशांतील कापूसवाल्यांनीं त्याकडे अवश्य लक्ष द्यावें. आणि ब्रॉडबॉकच्या शेतांत १९६८ सालीं कांहीं पट्टे फेरपालटीस दिले, तेव्हां असें आढळलें कीं, मध्यें दुसरें पीक घेऊन आलेला पहिला गहू शेजारीं गव्हावर घेतलेल्या गव्हापेक्षां स्पष्टपणें अधिक उतरतो. केवळ नायट्रोजनाची भरपाई खतानें केली तरी हा फरक पुरता बुजत नाहीं; कारण त्याचा मोठा भाग मुळांना लागणाऱ्या एका बुरशीच्या रोगाचा आहे, आणि ती बुरशी पीक बदललें म्हणजे हटते. बेवडाचे वांटे निरनिराळे मोजले नसते, तर ही गोष्ट इतक्या निश्चयानें सांगतां आली नसती.

या विद्येशीं महाराष्ट्राचें नातें जुनें आहे. सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं १९११ सालीं जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांतून लंडनला गेले, आणि १९३६ सालीं तेथें त्यांनीं संख्याशास्त्रांत डॉक्टरेट मिळविली. परत आल्यावर १९४० पासून ते दिल्लीस कृषि-अनुसंधान परिषदेंत काम करूं लागले. त्या काळीं पिकाचा अंदाज नजरेनें बांधीत व तो आण्यांत सांगत. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक. सुखात्मे यांनीं या आणेवारीऐवजीं चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या गांवांत, निवडलेल्या शेतांत, नेमक्या मापाचा तुकडा कापून जोखण्याची पद्धति देशांत रुजविली. इंदूरच्या संस्थेंत कापसावर काम केलेले डॉ. पानसे यांच्यासह त्यांनीं शेतीच्या कार्यकर्त्यांसाठीं लिहिलेला संख्याशास्त्राचा ग्रंथ १९५४ सालीं निघाला, आणि कृषि-महाविद्यालयांतील कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. पुढें १९७० सालीं त्याच परिषदेनें ठराविक पीकक्रमांवर खतांचे दीर्घ मुदतीचे प्रयोग देशभर सुरू केले. आपल्याकडे अकोल्यास काळ्या जमिनींत १९८८ पासून ज्वारी आणि गहू या क्रमावर असा प्रयोग चालू आहे.

आतां काकांच्या प्रश्नाकडे परत येऊं. एका फेऱ्यावरून काय कळणार? त्यांच्या पुतणीनें दिलेलें उत्तर असें : "काका, चारी पिकें दरवर्षीं शेतांत असलीं म्हणजे चार वर्षांत प्रत्येक पीक चार वेळां दिसतें. आणि मी कोऱ्या शेतापासून सुरुवात केलेली नाहीं. माझ्या आधींच्या लोकांनीं वीस वर्षें वजनें लिहून ठेवलीं आहेत. त्या वह्यांवर मी काम करतें. माझ्या चार वर्षांची त्यांत भर घालून मी पुढच्याच्या हवालीं करीन. दहाव्या फेऱ्याला काय होईल, तें मात्र माझ्या प्रबंधांत असणार नाहीं, आणि तसें मी त्यांत लिहिणार आहें."

"तें तुझ्या विद्यापीठाचें झालें," काका म्हणाले. "मला मृग लागायच्या आधीं ठरवायचें आहे. ज्वारी मोडून तूर घेऊं कीं नको?"

तिनें सगळी ज्वारी मोडण्याचा सल्ला दिला नाहीं. ती म्हणाली, "दोन एकरांचे अर्ध्या अर्ध्या एकराचे चार तुकडे पाडा. दोहोंत तूर पेरा, दोहोंत ज्वारी. पुढच्या वर्षीं चारींत ज्वारी घ्या आणि प्रत्येकाचें वजन वेगळें लिहा. दोन-दोन तुकड्यांवरून तुमच्या एकट्याचें फारसें ठरणार नाहीं. पण गांवांत वीस जणांनीं असें केलें, तर त्या वह्या मला हव्या आहेत."

"तूर कोणत्या दोन तुकड्यांत पेरूं? नाल्याकडची जमीन चांगली आहे, तिकडे पेरतों."

"तेंच नको, काका. चिठ्ठ्या टाका."

काका हंसले, पण त्यांनीं धाकट्या नातवाला हांक मारली, कागदाचे चार कपटे केले आणि तांब्यांत टाकून हलविले. नाल्याकडच्या तुकड्याला ज्वारीच आली. तुरीला एक तुकडा बांधाजवळचा आणि एक मधला मिळाला. काकांना तें मनांतून रुचलें नाहीं, असें ती सांगते. तथापि त्यांनीं पेरणी चिठ्ठीप्रमाणेंच केली, आणि बाजारांतून एक जाड पुठ्ठ्याची वही आणून तिच्या पहिल्या पानावर चारी तुकड्यांचा नकाशा काढून ठेवला आहे.